मधला ठिपका

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीच्या पुढे आणि धुलाईखान्याच्या अलीकडे, जंतू तपासायची प्रयोगशाळा होती. तिथे एक बाई सत्तावीस वर्षं रोज मोठ्याने सातपर्यंत आकडे मोजत असे. एक, दोन, तीन, असं करत सात, आणि मग नळाचा आवाज. बाहेर बाकावर रिपोर्टसाठी ताटकळलेल्यांना वाटायचं, आत बालवाडी भरते की काय. त्या मोजण्यावरून तिचं नाव सेकंदबाई पडलं आणि ते इतकं पक्कं बसलं की हजेरीपटातलं नाव कुणी पुकारलं असतं तर तिने स्वतःच मागे वळून पाहिलं असतं, ही आणखी कोण आली म्हणून.

सातच का, असं विचारलं की हातातलं काम न थांबवता ती सांगायची. रुग्णाच्या रक्ताचा किंवा पुवाचा थेंब काचेच्या स्लाइडवर पसरायचा, ज्योतीवरून फिरवून चिकटवायचा आणि त्यावर जांभळा रंग ओतायचा. मग आयोडीन. तोवर सगळे जंतू सारखेच जांभळे, सगळेच साव. खरी परीक्षा पुढे, सात सेकंद स्पिरिट धरायचं आणि पाण्याने धुवायचं तेव्हा. काहींचं अंगावरचं कवच जाड असतं, ते जांभळा रंग सोडत नाहीत. काहींचं पातळ, त्यांचा रंग धुऊन जातो आणि वरून गुलाबी रंग घातला की तो त्यांना चढतो. जांभळे राहिले ते ग्रॅम पॉझिटिव्ह, गुलाबी झाले ते ग्रॅम निगेटिव्ह. स्पिरिट कमी पडलं तर गुलाबी जांभळा दिसेल, जास्त झालं तर जांभळा गुलाबी. "सहाला थांबलं तर घाई, आठला थांबलं तर आळस," ती म्हणायची. "आणि आपल्या आळसाचं औषध दुसऱ्याला घ्यावं लागतं."

एवढ्यावर तिचं समाधान नसे. तिच्या प्रत्येक स्लाइडवर तीन ठिपके असायचे. डावीकडे ओळखीच्या जांभळ्या जंतूंचा, उजवीकडे ओळखीच्या गुलाबी जंतूंचा आणि मधला रुग्णाचा. धुणं चुकलं असेल तर कडेचे दोघे लगेच चुगली करणार. इतर ठिकाणी असला पडताळा दिवसातून एकदा करतात. सेकंदबाई दर स्लाइडला करायची, आणि तिच्या या सोवळ्याला हसून हसून सगळे शेवटी दमले होते.

सगळे म्हणजे मुख्यतः मिनिटबाई. हिचं नाव जोडीनं पडलेलं. सेकंदबाईनंतर सहा वर्षांनी ती लागली, आणि कुठल्याही कामाला "एक मिनिट हं" म्हटल्याशिवाय हात लावायची नाही. दोघी स्वभावाने दोन टोकं. एक नाकासमोर चालणारी, दुसरी सगळ्यांच्या घरात काय शिजलं ते विचारत चालणारी. पण एकवीस वर्षं दोघींचे डबे एकाच टेबलावर उघडले, आणि त्यात कुणाचा घास कुणाच्या डब्यातला होता याचा हिशेब कुणी ठेवला नाही. मिनिटबाईची मुलगी दहावीला विज्ञानात गटांगळ्या खात होती तेव्हा सेकंदबाईनेच तिला वर्षभर शिकवून काठाला लावलं. स्वतःला मूलबाळ नव्हतं. पोरगी तिला मावशी म्हणायची, ते वरवरचं नव्हतं. पुढे तीच पोरगी त्याच हॉस्पिटलच्या डायलिसिस विभागात लागली. तिथल्या पाण्याचं यंत्र आणि त्याचे पाइप तिच्या ताब्यात होते.

दोघींची एक रीत होती, ती सेकंदबाईने पाडलेली. रक्ताची स्लाइड असली की दोघींनी ती वेगवेगळी बघायची, काय दिसलं ते बोलायचं नाही, चिठ्ठीवर लिहून घडी घालायची आणि गोळ्यांच्या एका रिकाम्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. मग दोन्ही चिठ्ठ्या एकदम उघडायच्या आणि वहीला टाचून ठेवायच्या. जुळल्या की रिपोर्ट. नाही जुळल्या, तर पुन्हा बघायला मात्र बंदी. "एकदा दुसरीचं उत्तर कळलं की डोळा तेच बघतो," हे सेकंदबाईचं म्हणणं. "मग स्लाइड सरांकडे. सर सांगतील ते शेवटचं." सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर. एकवीस वर्षांत त्यांच्यापर्यंत स्लाइड गेली ती पाचदा की सहादा, आणि तीही कसल्यातरी किरकोळ शंकेसाठी. लोक देवावर ठेवतात तेवढा विश्वास सेकंदबाईचा त्या डब्यावर होता. देवाला निदान कधीतरी बोल तरी लावतात.

गुलाबी जंतूंवर तिचा खास राग होता, आणि ज्याच्यावर राग त्याची माणूस खडान्‌खडा माहिती ठेवतो. त्यांची सगळी कुळं तिला पाठ होती. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, घातलेल्या प्लेटवर त्यांना वाढवायचं. जे साखर खातात त्यांचे ठिपके गडद गुलाबी येतात. त्यातला ई. कोलाय कोरडा आणि सुटसुटीत, क्लेब्सिएला शेंबडासारखा ओघळणारा. साखर न खाणाऱ्यांचे ठिपके फिके. त्यात टायफॉइडवाला आला, आणि रक्ताच्या प्लेटवर लाटांसारखा सरपटत जाणारा प्रोटियस आला. सगळ्यांत कावेबाज तो पाण्यात राहणारा स्यूडोमोनास. तो पाइपांच्या आत बुळबुळीत थर धरून वर्षानुवर्षं पडून राहतो. प्लेटवर हिरवट झाक आणतो, आणि झाकण उघडलं की पिकून उतू चाललेल्या द्राक्षांसारखा गोड वास येतो. "एवढा सुगंधी बदमाश दुसरा नाही," ती म्हणायची.

हे सगळं आवडीने ऐकणारा एकच माणूस होता, शिंपीकाका. आठवड्यातून तीनदा ते डायलिसिसला यायचे, बायकोबरोबर. नंबर लागेपर्यंत वरच्या खोलीत गुदमरायला होतं म्हणून खाली प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर बसायचे. सेकंदबाईच्या ॲप्रनला त्यांनी छातीपाशी एक अरुंद खिसा शिवून दिला होता, काचेवर नंबर कोरायची तिची पेन्सिल बरोबर मावेल असा. माप घेतलं नव्हतं, नुसतं लांबून बघून.

"म्हणजे जांभळ्याने रंग धरला आणि गुलाबीने सोडला, हे कापडामुळे," त्यांनी एकदा विचारलं, "की धुण्यामुळे?"

"कापडामुळे. जांभळ्याच्या अंगावर गोधडी, गुलाबीच्या अंगावर मलमल."

"मग मलमलवाला बिचारा गरीबच की."

"गरीब कसला. त्या मलमलीवर त्याचं आणखी एक अस्तर असतं, आणि ते अस्तरच विषारी. तो मेला तरी अस्तराचे तुकडे रक्तात गेले की माणसाला हुडहुडी भरते. जिवंतपणी छळतो, आणि मेल्यावरही पिच्छा सोडत नाही."

"असे दोन-तीन नातेवाईक आहेत आमच्याकडे," काका म्हणाले, आणि काकूंनी त्यांना कोपराने ढोसलं.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी डायलिसिसवर असताना काकांना हुडहुडी भरली. सुई लावून तास होत नाही तोच दात वाजायला लागले, तीन ब्लँकेटं घातली तरी थांबेनात. त्याच आठवड्यात आणखी दोघांना तसंच झालं. काकांना दाखल करून घेतलं, औषध सुरू केलं आणि रक्त खाली आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, जंतू वाढवायला ठेवलेली ती रक्ताची बाटली गढूळ झालेली. काहीतरी वाढलं होतं.

सेकंदबाईने तीन ठिपके काढले, काचेच्या कडेला नंबर कोरला, रंग घातला, सात मोजले. मायक्रोस्कोपमध्ये बघितलं तर मधल्या ठिपक्यात बारीक गुलाबी दांड्या, जिकडेतिकडे. डायलिसिसवर तीन माणसांना थंडी आणि रक्तात गुलाबी दांड्या, याचा अर्थ तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो पाण्यातून आला होता. चिठ्ठीवर 'गुलाबी दांड्या' लिहून तिने ती डब्यात टाकली आणि उठून जागा करून दिली. मिनिटबाई बसली. तिने नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला, मग म्हणाली, "एक मिनिट हं, सरांनी बोलावलंय," आणि उठून गेली. परत आल्यावर पुन्हा बघितलं आणि चिठ्ठी टाकली.

चिठ्ठ्या उघडल्या. मिनिटबाईच्या गोल, सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'जांभळ्या दांड्या'.

दोघींनी दांड्याच पाहिल्या होत्या, फरक फक्त रंगाचा. पण जांभळ्या दांड्या म्हणजे कातडीवर राहणारे निरुपद्रवी जंतू, सुई टोचताना बाटलीत पडलेले. गुलाबी म्हणजे रक्तातला शत्रू. जांभळ्या म्हणजे औषध बंद करा, घरी जा. गुलाबी म्हणजे सगळा डायलिसिस विभाग बंद करा, पाणी तपासा.

"डावीकडचा ठिपका?" सेकंदबाईने विचारलं.

"तोही गुलाबी पडलाय बघ थोडा. धुणं जास्त झालं असेल." मिनिटबाईने तिच्याकडे न बघता लेन्सवरचं तेल पुसलं. "होतं गं कधीतरी."

सेकंदबाईचा हात मायक्रोस्कोपकडे गेला आणि मध्येच थांबला. पुन्हा बघायचं नाही, हा नियम तिचाच. स्लाइड सरांकडे गेली. पाच मिनिटांत निरोप आला: जांभळ्या. थोड्या वेळाने सर स्वतः आले आणि फार मायेने बोलले. "बाई, वय कुणाला चुकलंय? डोळे दाखवून घ्या. तोवर मायक्रोस्कोपवर नका बसू. प्लेटा ह्या बघतील."

आता इथे कुणी दुसरी असती तर तिने थयथयाट केला असता. सेकंदबाईने केला नाही, कारण तिला खोटं वाटलंच नाही. सर एक वेळ चुकतील, पण डबा कसा चुकेल? एकवीस वर्षं जिची चिठ्ठी आपल्या चिठ्ठीशी जुळली, ती जांभळ्या म्हणते म्हणजे त्या जांभळ्याच असणार. मग जे चुकले ते आपले डोळे. आणि सात मोजूनही धुणं जास्त होतं, म्हणजे आपला हातही गेला. संध्याकाळी घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुझे डोळे तर माझ्या शर्टावरचा चहाचा डाग रस्त्यापलीकडून बघतात." ती हसली नाही. बाल्कनीतल्या दोरीवरचे कपडे एकेक करून नावानिशी रंग म्हणत राहिली, आणि प्रत्येक रंगाला नवऱ्याने हो म्हणायची वाट बघत राहिली.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे मिनिटबाई बरोबर आली. सेकंदबाई नको म्हणत होती तरी अर्धा दिवस रजा टाकून आली. बाहुल्या मोठ्या करायचं औषध घातल्यावर समोरचं सगळं दुधाळ झालं. त्या दुधाळ अंधारात बाकावर बसलेल्या सेकंदबाईचा हात तिने धरून ठेवला होता. सेकंदबाईला रडू आलं. "माझ्या डोळ्यांनी कुणाचा जीव नको गं जायला," ती म्हणाली. मिनिटबाईने हात घट्ट दाबला. "उगी. मी आहे ना." डॉक्टर म्हणाले, नजर वयाच्या मानाने उत्तम, रंगांचं काही बिघडलेलं नाही, मोतीबिंदूची अगदी पुसट सुरुवात आहे, काळजीचं कारण नाही. जिन्यात मिनिटबाई म्हणाली, "बघ, सुरुवात आहे म्हणाले ना?" सेकंदबाईने बाकी सगळं सोडून तेवढंच मनाशी धरलं.

तिने आपणहून बदली मागून घेतली, त्याच मजल्यावरच्या मागच्या खोलीत. तिला सगळे स्वयंपाकघर म्हणत. जंतूंचं खाणं तिथे शिजायचं. पावडर मापायची, उकळायची, प्लेटांत ओतायची, थंड करायची. रोजच्या घाण्यातल्या दोन-चार कोऱ्या प्लेटा तिथल्याच लहान इन्क्युबेटरमध्ये रात्रभर ठेवायच्या, आपोआप काही उगवलं नाही म्हणजे घाणा चोख. या कामाला नजर लागत नाही, हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची.

शिंपीकाकांचं औषध रिपोर्ट बघून तिसऱ्या दिवशी बंद झालं. घरी गेले, पुन्हा डायलिसिसला आले, पुन्हा हुडहुडी भरली, आणि या वेळी रक्तदाब खाली गेला तो वर आलाच नाही. पहिल्या थंडीपासून अकराव्या दिवशी ते गेले. हृदय बंद पडलं असं कागदावर आलं. काकूंना भेटायला गेलेली सेकंदबाई त्यांचे हात हातात घेऊन बसली. तिच्या मनात एक विचार आला, आणि पुढे आयुष्यभर तिला त्याची लाज वाटली. बरं झालं, आपला चुकीचा रिपोर्ट वर गेला नाही, नाहीतर हृदयाच्या माणसाला भलतीच औषधं दिली असती.

महिना गेला. एका रविवारी सकाळी ती प्लेटा ओतायला आली तेव्हा मागच्या अंगणात डायलिसिस विभागाचे पाइप कापून टाकलेले होते. दोन प्लंबर नवे पाइप वर नेत होते. "काय झालं?" तिने विचारलं. "काय माहीत बाई. आजच्या आज सगळे बदला म्हणाले. सोमवारी तपासणी आहे म्हणे कसली." तिने एका तुकड्यात बोट घातलं. आत बुळबुळीत होतं. कातडीवरच्या जांभळ्या जंतूंसाठी कुणी पाइप बदलत नाही.

तिने कापसाची काडी आणली, पाइपच्या आतून फिरवली, आपणच ओतलेल्या प्लेटवर रेघोट्या मारल्या आणि कोऱ्या प्लेटांच्या गठ्ठ्यात ती खाली सरकवली. सोमवारी सकाळी इन्क्युबेटर उघडला. झाकण अजून काढलंही नव्हतं, आणि पिकल्या द्राक्षांचा वास आला.

नाकाला मोतीबिंदू होत नाही. सेकंदबाई स्टुलावर बसली. मग उठून पलीकडच्या कोठीत गेली. तिथे लाकडी खोक्यांत जुन्या स्लाइडी तीन महिने ठेवायचा नियम होता. ती स्लाइड तिथे नसणार, हे तिने गृहीत धरलं होतं. पण होती. तारखेच्या खोक्यात, नंबराच्या खाचेत, कडेला तिच्याच हाताने कोरलेला आकडा. मिनिटबाईने चिठ्ठी खोटी लिहिली, पण स्लाइड जागच्या जागी लावून ठेवली होती. एकवीस वर्षांची शिस्त तिच्याही हाताला लागलेली होती, ती काही खोटं बोलायला तयार झाली नाही.

कोठीत एक जुना मायक्रोस्कोप पडून होता, खाली आरसा असलेला. तो तिने खिडकीशी नेला. डावीकडचा ठिपका जांभळा, शाईसारखा. उजवीकडचा गुलाबी. धुणं चुकलं नव्हतं, सात म्हणजे सातच झाले होते. आणि मधल्या ठिपक्यात त्या बारीक दांड्या, उजवीकडच्यांच्या सख्ख्या बहिणी असाव्यात तशा गुलाबी. हे ओळखायला तिच्या डोळ्यांची गरज नव्हती, कुणाचेही चालले असते. तिला पहिल्यांदा राग आला तो स्वतःचा. एकवीस वर्षं दुसऱ्याच्या चिठ्ठीवर इतका भरवसा टाकला, की स्वतःच्या डोळ्यांना खोटं पाडलं. मग दुसरा राग आला, आणि तो मात्र गेला नाही.

दुपारी डब्यांच्या वेळेला तिने मिनिटबाईला कोठीत बोलावलं. टेबलावर मायक्रोस्कोप, शेजारी पत्र्याचा डबा. स्लाइडच्या कडेवरच्या आकड्यावर तिने चिकटपट्टी लावली होती.

"एक स्लाइड आहे. चिठ्ठी टाकायची."

"अगं बाई, किती दिवसांनी!" मिनिटबाई खरोखर खूश झाली. "डोळे बरे वाटतायत ना? एक मिनिट हं, चष्मा पुसते." ती बसली, तीनही ठिपके पाहिले, चिठ्ठी लिहिली, टाकली. सेकंदबाईची आधीच डब्यात होती. दोन्ही उघडल्या. दोन्हींवर 'गुलाबी दांड्या'.

"बघ, जुळल्या," मिनिटबाई म्हणाली. "ह्यात काय अवघड होतं, शेंबडं पोरही सांगेल."

सेकंदबाईने चिकटपट्टी सोलून काढली. मिनिटबाईने आकडा वाचला. तिचा हात चिठ्ठीकडे गेला, पण चिठ्ठी सेकंदबाईच्या मुठीत होती.

मग मिनिटबाईनेच सुरुवात केली, हळू आवाजात, खाली बघत. "पोरीने तीन आठवडे पाइपांत जंतू मारायचं औषध फिरवलंच नव्हतं. वहीत सह्या मात्र केल्या होत्या. सर म्हणाले, गुलाबी आलं तर विभाग बंद होईल आणि पहिली ती आत जाईल. म्हणाले, हळूहळू पाइप बदलून टाकू, कुणाला काही होणार नाही." ती थांबली. "माझी पोर आहे गं."

"माझी नव्हती?"

"काका जातील हे मला कुठे ठाऊक होतं?"

"तुला ठाऊक होतं. गुलाबी म्हणजे काय, ते तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी प्लेटा तूच बघितल्यास. वासही तुलाच आला असेल."

मिनिटबाईने पदर डोळ्यांना लावला. सेकंदबाई तिच्याकडे बघत राहिली. केसाने गळा कापणं म्हणतात ते इतकं हलक्या हाताने होतं, आणि कापणाऱ्याच्या डोळ्यांत पाणीही खरं असतं, हे तिला या वयात समजत होतं.

"चिठ्ठीचं एक वेळ मी समजून घेईन," ती म्हणाली. "आईचं काळीज म्हणेन. पण डोळ्यांच्या डॉक्टरकडे कशाला आलीस? माझे डोळे धड आहेत, हे माहीत असताना माझा हात धरून का बसलीस?"

मिनिटबाईने मान वर केली. या प्रश्नाचं तिला खरंच नवल वाटलेलं दिसलं.

"अगं, ते औषध घातल्यावर दोन-तीन तास काही दिसत नाही. रस्ता ओलांडायचा, जिना उतरायचा. तुला एकटीला कसं सोडणार होते?"

यात एक अक्षर खोटं नव्हतं. सेकंदबाईला ते कळलं, आणि तेच तिला सगळ्यांत सोसेना. शत्रूने केलं असतं तर निदान शत्रू म्हणता आलं असतं.

"पोरीचं वाटोळं होईल गं," मिनिटबाई म्हणाली. पोरीला दहावीला शिकवताना घरच्या स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली काढलेली जंतूंची चित्रं सेकंदबाईला आठवत होती, जाड कवचाचे आणि पातळ कवचाचे. पोरीला ती फार छान यायची.

दुसऱ्या दिवशी तिने सुधारित रिपोर्ट लिहिला. स्लाइड, पाइपाची प्लेट आणि दोन्ही वेळच्या मिळून चार चिठ्ठ्या असं सगळं पुडक्यात बांधून आरोग्य खात्याच्या तपासनिसांच्या कचेरीत नेऊन दिलं आणि पोच घेतली. सर म्हणाले, "बाई, जुनं उकरून आता काय मिळणार? गेलेला माणूस परत येणार आहे?" ती म्हणाली, "नाही. म्हणूनच." आणि दार ओढून घेतलं. रिपोर्टवर तपासणाऱ्याची सही तिची होती. त्याखाली पडताळणी करणाऱ्याची जागा होती, तिथे काही नव्हतं.

रिपोर्टची एक प्रत घेऊन ती ॲप्रनसकट तशीच शिंपीकाकूंकडे गेली. पुढच्या खोलीत शिलाई मशीन होतं, त्यावर चादर घातलेली. काकूंनी तिला पाणी दिलं आणि समोर बसल्या. सेकंदबाईने सगळं सांगितलं, काही न लपवता, पोरीचं, पाइपांचं, सरांचं. चिठ्ठ्यांचं सांगताना तिचा हात नकळत ॲप्रनच्या अरुंद खिशाकडे गेला. काकूंचं तिकडे लक्ष गेलं. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं.

"म्हणजे यांच्या रक्तात ते होतं."

"होतं."

"आणि हे बघितलं कुणी?"

"आम्ही दोघींनी," सेकंदबाई म्हणाली. एकवीस वर्षांची सवय, तोंडातून तेच निघालं.

काकूंनी कागद मांडीवर ठेवला आणि त्याच्यावरून हात फिरवला, कापडाची सुरकुती काढावी तसा.

"कधी?"

"काका होते तेव्हाच."